घरून पाय धुऊन येणारी माणसे

मित्रांनो, मी रागावलेले आहे, हे आधीच सांगून टाकते. जस्ताच्या पत्र्याच्या एका जुन्या तसराळ्याने रागवावे हे तुम्हाला विचित्र वाटेल. भांड्याने भरावे, रिकामे व्हावे, पालथे पडून वाळावे आणि गप्प राहावे, अशीच सगळ्यांची समजूत. मीही सत्तर वर्षे गप्प राहिले. देवाच्या कामातल्या भांड्याला राग शोभत नाही, असे स्वतःलाच बजावत आले. पण आता माझ्याच्याने गिळवत नाही.

मला घडवले कॉर्नेलियस टेव्सने. चुई नदीच्या खोऱ्यात, किरगिझ डोंगरांच्या पायथ्याशी नॉयहाइम नावाचे गाव आहे. गावाच्या वरच्या आळीत जर्मन बोलणारे, येशूला मानणारे शेतकरी आणि खालच्या आळीत मुसलमान किरगिझांची घरे. जर्मनीशी मोठे युद्ध झाले तेव्हा वरच्या आळीतली धडधाकट माणसे, अगदी बायकासुद्धा, सरकारने सक्तीच्या कामाला नेली. कॉर्नेलियस पाच वर्षांनी परतला, तो पायाची दोन बोटे बर्फात गमावून. त्या हिवाळ्यात सामूहिक शेताची पाण्याची टाकी गळू लागली म्हणून फेकून दिली होती. त्याने तिचा चांगला पत्रा कापून आणला, लाकडी हातोडीने ठोकून गोल केला, कड तारेवर वळवली, सांध्यांना डाख दिला आणि मला चुलीपुढे ठेवले.

बायको म्हणाली, "एवढं मोठं कशाला? मळायला पीठ कुठाय आपल्याकडे?"

"पाय धुवायला," तो म्हणाला.

"आपल्या घरच्यांना एवढं?"

"आपले नव्हेत गं. दुसऱ्यांचे."

मरणाच्या आदल्या संध्याकाळी येशूने कमरेला टॉवेल बांधून आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते. गुरूने गड्याचे काम केले. आणि तुम्हीही एकमेकांचे असेच धुवा, म्हणून सांगून गेला. या लोकांनी ते मनावर घेतले. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी बायका बायकांचे आणि पुरुष पुरुषांचे पाय धुतात. मगच प्रभूची भाकर मोडतात. पाय धुतल्यावाचून भाकर नाही, हा इथला नियम.

माझ्या तरुणपणी प्रार्थनेला सरकारची बंदी होती. कागदोपत्री मी हंसांना दाणापाणी द्यायचे भांडे होते. गुरुवार आला की बायका बीटच्या शेतातून भर दुपारी, पाणी प्यायला जातो असे सांगून, एकेक करून टेव्सांच्या गोठ्यात येत. गाणे म्हणत, पण आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. त्यांचे पाय मी कधी विसरणार नाही. फडक्यांत गुंडाळलेले, भेगाळलेले, चिखल वाळून खपल्या धरलेले पाय. सारा क्लासेन जंगलतोडीवरून आली होती. तिच्या डाव्या पायाला तीनच बोटे होती. ती पाय पुढे करीना. "नको, घाण आहे गं," म्हणाली. समोर बसलेल्या बाईने तो पाय ओढून मांडीवर घेतला. "मग मी काय बघायला बसलेय होय?" असे म्हणून ती हसली, साराही हसली, आणि मग दोघी रडल्या. साबण कुठला! गरम पाणी आणि हात, एवढेच. धुऊन झाले की माझ्यातले पाणी शेणकाल्यासारखे होई. ते मला फार आवडे. ज्यासाठी मला घडवले होते, ते मी पोटात घेऊन बसलेले असे.

कॉर्नेलियसची धाकटी मुलगी आगाथा तेव्हा दाराशी पहारा द्यायची. आज ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. सगळा गाव तिला टान्टे आगाथा म्हणतो, म्हणजे आगाथामावशी.

मग काळ पालटला. बंदी उठली. वरच्या आळीतली निम्मी घरे खोकी बांधून जर्मनीला गेली. जे गेले त्यांनी मागे राहिलेल्यांना प्रार्थनामंदिर बांधून दिले. त्यात मऊ गालिचा, गरम पाण्याचा नळ, सुवासिक साबण, पांढरे टॉवेल. पाळक व्हिक्टर पेनर भला माणूस, कुणाला वावगे बोलायचा नाही. आणि तरी माझा अपमान तिथेच सुरू झाला.

कसा, ते ऐका. एका वर्षी ट्रॅक्टरवाल्या पेट्काऊची बायको कामावरून तशीच आली. तिने मोजे काढले तसा वास सुटला. दोघी जणींनी एकमेकींकडे बघून नाक मुरडले, एकीला हसू आवरेना. एवढेच झाले. कुणी काही बोलले नाही. पण पुढच्या वर्षी सगळ्या जणी घरून पाय धुऊन आल्या. घासून, नखे कापून, टाचेला मलई लावून, नवे मोजे घालून. त्या दिवसापासून ती रीतच पडली. कुठे लिहिलेली नाही, कुणी कुणाला सांगत नाही, पण सगळ्यांना ठाऊक. धुतलेले पाय माझ्यात ठेवायचे, वरून दोन ओंजळी पाणी घालायचे, टॉवेलने टिपायचे, गालाला गाल लावायचा. पाणी जसे आले तसे परत. त्या पाण्याने नंतर खिडकीतली फुले शिंपत. वीस वर्षे मी ते स्वच्छ पाणी पोटात घेऊन बसले आणि मला त्याची शरम वाटत राहिली.

एरवी वर्षभर मी आगाथाच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेले असे. रविवारचा मुलांचा वर्ग तिथेच भरे, कारण तिची चूल नेहमी तापलेली. पाळकाची बायको हेलेना मुलांना शिकवी. यंदा ईस्टरच्या आधी तिने चित्र काढायला सांगितले. आज येशू आपल्या गावात आला तर कसा येईल?

एक जण म्हणाला, "मिनीबसने येईल. पण मागच्या सीटवर बसून. पुढच्या सीटवर ड्रायव्हरचा मेहुणा असतो."

दुसरा म्हणाला, "त्याला चौकीवर उतरवतील. त्याच्याकडे कागद कुठायत?"

"असलं काही नाही व्हायचं," हेलेना म्हणाली. "चांगलं काहीतरी काढा बघू."

एका चिमुरडीने येशूचे पाय तपकिरी रंगवले होते, घोट्यापर्यंत. हेलेनाने वाकून पाहिले. "अगं, हे काय? प्रभूचे पाय असे असतात का? हा घे पांढरा खडू."

"चिखल आहे ना बाहेर," ती म्हणाली.

"असू दे. वरून पांढरा फिरव."

पोरीने मुकाट्याने पांढरा खडू फिरवला. पाय राखाडी झाले. मुले गेल्यावर हेलेना आणि दुकानवाली लिडिया चहा घेत बसल्या आणि येशू खरेच आला तर उतरेल कुणाकडे, यावर दोघींची चांगली जुंपली. लिडिया म्हणत होती, आमच्याकडेच, आमच्याकडे पाहुण्यांची वेगळी खोली आहे. हेलेना म्हणत होती, पाळकाचे घर सोडून तो तुझ्याकडे कशाला येईल? मी खिळ्यावर होते म्हणून, नाहीतर खाली उडी टाकली असती.

आता बुरुलबद्दल सांगते. बुरुल खालच्या आळीतली विधवा, चाळिशीची. दुग्धशाळेत गाई पिळते आणि रोज सकाळी आगाथाकडे दूध घालते. दुधाचे भांडे ठेवता ठेवता ती आगाथापाशी शास्त्र वाचायला शिकली, आणि मागच्या उन्हाळ्यात कालव्यात तिचा बाप्तिस्मा झाला. तिची सासू उल्कान अपा (अपा म्हणजे आई) तेव्हापासून तिच्या हातचे खात नाही. चहाची किटलीसुद्धा वेगळी केली. घराबाहेर मात्र काढले नाही. "मुलाची बायको आहे, कुठे टाकू?" म्हणते.

त्या गुरुवारी सकाळी बुरुल आली ती घुश्शातच. "टान्टे, आज अपा काय म्हणाली माहितीये? म्हणाली, जा त्या जर्मनांकडे. तोंडाने ताई-ताई करतील, पण तुझे पाय मांडीवर कोण घेतं ते बघतेच मी. घेतले कुणी, तर तुझ्या हातचा चहा पिईन."

आगाथा हसली. "मग आज पाज तिला चहा. आम्ही सगळ्या बहिणीच आहोत तुझ्या."

"मी काय आणू? पहिलीच वेळ आहे माझी."

"काही नको गं. फक्त पाय घेऊन ये."

एवढे दिवस जिने तिला ओळ न् ओळ शिकवली, तिने ती न लिहिलेली ओळ तेवढी सांगितली नाही. मुद्दाम नव्हे. घरून पाय धुऊन यायचे असते, हे आगाथाच्या अंगात इतके मुरले होते की ते सांगायचे असते हेच तिच्या ध्यानात आले नाही.

संध्याकाळी पाचला मंदिरात बायका पडद्याआड जमल्या. मी मधोमध, भोवती खुर्च्या. बुरुल चारचे दूध काढून धावतपळत आली. दाराशी तिने रबरी बूट काढले. आत मोजे नव्हते. पायांना शेण, भुसा, टाचांना बोटभर भेगा, एका भेगेतून रक्त. शास्त्रात पाय तिथे धुतात असे लिहिले होते, म्हणून ती न धुता आली. तिने तर जसे लिहिले होते तसेच केले. गालिच्यावर तिची पावले उमटत आली आणि ती खुर्चीवर बसली, हसत, अगदी नव्या नवरीसारखी.

बायका चौदा होत्या. भराभरा जोड्या लागल्या. हेलेना नेहमीप्रमाणे आगाथापुढे उभी राहिली. उरली लिडिया. लिडियाने बुरुलच्या पायांकडे पाहिले आणि कमरेला हात लावला.

"माझी कंबर धरलीये गं बाई आज. वाकवतच नाही."

कुणी जागचे हलले नाही. बुरुलचे हसू हळूहळू उतरले. तिने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मग हेलेना पुढे झाली, तिच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला. प्रेमाने, मित्रांनो! तेच मला सोसत नाही. शिवी दिली असती तर मी समजले असते.

"बुरुल, बाहेर अंगणात नळ आहे. हा साबण घे. जरा खळखळून घे आधी, आणि मग ये. आम्ही थांबतो हं."

बुरुलने आगाथाकडे पाहिले. आगाथाने मान खाली घातली. तिने आपला निळा ठेवणीतला झगा गुडघ्यावर नीट केला. ज्याने मला ठोकून घडवले त्याची ही मुलगी! तिने झग्याची सुरकुती मोडली, पण तोंड उघडले नाही.

त्या क्षणी मला जे वाटले ते सांगते. तो आला असता ना, या लोकांचा लाडका येशू, चौकीवर अडवलेला, मिनीबसच्या मागच्या सीटवरून उतरलेला, चिखलातून चालत आलेला, तर त्यालाही यांनी हेच सांगितले असते. साबण घ्या, प्रभू. बाहेर नळ आहे. आणि तो गेला असता नळावर, कारण तो तसाच आहे. पण परत आला असता का?

उघड्या दारातून मला नळ दिसत होता. एप्रिलचे डोंगरातले बर्फाळ पाणी. बुरुलने पाय धुतले, भेगेतले रक्त धुतले, बोटांमधला भुसा काढला. साबण कठड्यावर ठेवला आणि बूट घातले. हेलेना टॉवेल घेऊन दारात गेली.

"झाले की छान! ये आता, बाई."

"धुऊन झाले," बुरुल म्हणाली. "आता तुमच्याकडे काय काम?"

ती फाटकातून निघून गेली. हेलेना परत आली, "जरा मनाला लावून घेतलंन," म्हणाली, आणि आगाथापुढे गुडघे टेकून बसली. आगाथाचे पांढरे, स्वच्छ पाय तिने माझ्यात ठेवले. आगाथाने ते झटक्यात बाहेर काढले.

"माझे धुतलेत."

"काय म्हणालात, टान्टे?"

"सकाळीच धुतलेत मी. साबण लावून. तुझेही धुतलेत ना? आणि लिडिया, तुझे? सगळ्यांचेच धुतलेत. मग आपण हे काय करत बसलोय?"

"हळू, टान्टे. पलीकडे पुरुष आहेत."

"ऐकू दे त्यांना."

तिने माझ्यातले पाणी हेलेनाच्या त्या फुलांच्या कुंड्यांत ओतले, मला काखेत मारले आणि दाराकडे निघाली. पडद्यापलीकडून व्हिक्टर धावत आला. "टान्टे, कुठे चाललात? भाकर मोडायची राहिलीये!"

"तुम्ही जेवा," ती म्हणाली.

खालच्या आळीपर्यंत रस्ता चिखलाचा. आगाथा दोनदा घसरली, पण मला तिने खाली ठेवले नाही. उल्कान अपाच्या अंगणात पोचलो, तर बुरुल ओट्यावर बसली होती आणि म्हातारी सासू तिच्यापुढे उकिडवी बसून झारीने गरम पाणी घालत होती. एक पाय धुऊन, मेंढीची चरबी चोळून फडक्यात गुंडाळला होता. तोंडाचा पट्टा चालूच.

"सांगितलं होतं ना मी? सांगितलं होतं! गोठवून घेतले की नाही पाय? अक्कल म्हणून नाही. हलू नकोस, झोंबेल." मग तिला आगाथा दिसली. "आलीस होय? आणि भांडं कशाला आणलंस? मला विकायला?"

आगाथा तिथेच चिखलात गुडघ्यांवर बसली. "दुसरा पाय मला धुऊ दे, बुरुल."

बुरुलने पाय मागे घेतला.

"चुकलं माझं. मी बोलायला हवं होतं."

"इथे कुणी नाही बघायला, टान्टे," बुरुल म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिने. "इथे तुम्हाला सोपं आहे. नळावर मला सगळ्यांसमोर पाठवलं. धुवायचे तर तिथे धुवा. सगळ्यांसमोर. रविवारी येईन मी. दूध काढून, अशीच. नाही धुतलेत, तर मग मी पुन्हा तिथे पाय ठेवायची नाही."

उल्कान अपाने आगाथाला दंडाला धरून उठवले आणि आगाथा तशीच वरच्या आळीकडे निघून गेली. मला तिथेच विसरली. दुसरा पाय सासूने धुतला. ज्या बाईने येशूचे नाव घरात घेऊ दिले नव्हते, तिने. आणि मी, त्याच्या नावाने सत्तर वर्षे मिरवलेले भांडे, शेजारी कोरडे पडून होते. सांगा, रागावू नको तर काय करू?

रविवारी गाढवाच्या गाडीतून आम्ही तिघी निघालो. उल्कान अपा वाटभर बडबडत होती.

"ती नाही यायची पुढे. म्हातारी माणसं गुरुवारी रडतात आणि रविवारपर्यंत विसरतात. मी पण म्हातारी आहे, मला माहितीये."

"मग तुम्ही कशाला आलात, अपा?"

"मला बघायचंय. आत नाही येणार मी, तुमचं गाणं ऐकवत नाही मला. फाटकाशी बसते. दार उघडं ठेव म्हणजे झालं."

मंदिर गच्च भरले होते. जर्मनीहून पाहुणे आले होते, मोबाइल उंच धरून गाणे टिपत होते. "ख्रिस्त उठला आहे!" "खरोखर उठला आहे!" बुरुलने दार उघडेच ठेवले, शेवटच्या बाकावर बसली, मला आपल्यापुढे गालिच्यावर ठेवले आणि रबरी बूट काढले. तेच शेण, तोच भुसा. शेजारच्या दोघी सरकल्या. नंतर पुढच्या बाकावरच्याही सरकल्या.

दुसऱ्या ओळीत आगाथाची पाठ मला दिसत होती. एक गाणे झाले. दुसरे झाले. ती वळली नाही. तिसरे सुरू झाले. बुरुलने दाराकडे पाहिले. फाटकाशी उल्कान अपा मान हलवत होती, बघ, म्हणाले नव्हते? बुरुलने एक बूट पायात सरकवला. ऊठ, आगाथा! मी मनात ओरडत होते. ऊठ, नाहीतर तुझ्या बापाने मला हंसांच्या दाण्यालाच घडवले, असे मी समजेन!

व्हिक्टर उपदेशाला उभा राहिला आणि आगाथा उठली. ती आतल्या स्वयंपाकघरात गेली आणि गरम पाण्याची किटली घेऊन आली. ओळींमधून एकेक पाऊल टाकत मागे आली.

"टान्टे," व्हिक्टर वरून म्हणाला, "आज तो दिवस नाही."

"गुरुवारी जमलं नाही. आज धुते. तुझं चालू दे."

"पाहुणे आहेत, टान्टे."

"त्यांनाही बघू दे. तिकडेही धुऊनच येत असतील."

ती गुडघ्यांवर बसली, त्याच निळ्या झग्यात. बुरुलचा पाय तिने ओढून मांडीवर घेतला. झग्यावर शेणाचा पट्टा उमटला. तिने भेगांतला भुसा नखाने काढला, बोटांमधली फट न् फट धुतली, मग दुसरा पाय घेतला. पाण्याचा आवाज पहिल्या बाकापर्यंत ऐकू जात असेल. बुरुल रडत नव्हती. ती डोळे उघडे ठेवून पाहत होती, कामावर नजर ठेवावी तशी. पाहुण्यांपैकी एकीने मोबाइल खाली केला. दोघे जण उठून बाहेर गेले. लिडियाने रुमाल नाकाला लावला की डोळ्यांना, ते मला दिसले नाही.

धुऊन झाले, पण आगाथाला उठता येईना. ती एका हाताने बाक धरून धडपडत होती, आणि चाळीस माणसांतला एकही जण पुढे झाला नाही. चाळीस! शेवटी बुरुलने ओल्या पायांनी उठून तिला बगलेत हात घालून उभे केले, आणि आपल्या बाकावर, आपल्या शेजारी बसवले.

मी तिथेच, गढूळ पाण्याने भरलेले. कुणालातरी मला उचलावे लागणार होते. व्हिक्टर खाली आला. त्याने मला उचलले, सुटापासून लांब धरून दाराबाहेर नेले. अंगणात जर्दाळूच्या बुंध्याशी ओतताना थोडे पाणी त्याच्या बाहीवर उडाले. तो बराच वेळ त्या डागाकडे बघत राहिला. मला वाटले, आता हा काहीतरी करील. पण तो आत गेला आणि त्याने उपदेश वाचला. प्रेमावरच होता. लिहून आणलेला होता, म्हणून शेवटपर्यंत वाचला.

बुरुल बाहेर आली तेव्हा सासूने तिला फाटकाशीच अडवले.

"बघू."

बुरुलने पाय पुढे केला. उल्कान अपाने तो उलटा करून पाहिला, बोटे फाकवून पाहिली. "टाचेला राहिलंय. दिसत नाही तुझ्या म्हातारीला." मग गाडीत बसता बसता म्हणाली, "चहा कर घरी गेल्यावर. माझ्या किटलीत."

गोष्ट इथे संपली असती तर मी रागावले नसते. पुढच्याच आठवड्यात मंडळींची बैठक झाली. मंदिराच्या दारावर सुबक अक्षरांत पाटी लागली: कृपया पाय स्वच्छ धुऊन यावे. जे वीस वर्षे कुणी बोलले नव्हते, ते आता लिहिले गेले. नवे पांढरे प्लास्टिकचे तसराळे आणले. मी आता उल्कान अपाच्या गोठ्यापाशी असते. बुरुल त्या पाटीखालून दर रविवारी आत जाते, न धुतलेल्या पायांनी, आणि आगाथा तिच्या शेजारी शेवटच्या बाकावर बसते. दोघीच. तिसरी अजून मागे आलेली नाही.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही जुनी भांडी विनवतो की आम्हाला घासा, पुसा, जपा. मी तसे विनवणार नाही. माझ्या कडेला गंज आलाय, येऊ दे. मी तुम्हाला एकच मागते. प्रेमाचे गाणे गाताना तुमच्या बाकावर कुणी मळलेल्या पायांनी येऊन बसले, तर सरकू नका. आणि तुमचेच पाय मळलेले असतील, कुठल्याही दारावरच्या पाटीने तुम्हाला परत पाठवले असेल, तर खालच्या आळीत या. झारी चुलीवर आहे, पाणी तापलेले आहे, आणि म्हातारी ओरडेल, पण धुऊन देईल.